वरून कोरडं दिसलं

आमच्या नंदुरबार जिल्ह्यात बर्फ पडत नाही. म्हणजे अगदीच नाही असं नाही. सातपुड्यात वर डाब, वालंबा, तोरणमाळ या बाजूला एखाद्या कडक थंडीच्या पहाटे दव गोठतं. गवतावर, जीपच्या टपावर पांढरा थर दिसतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचा फोटो येतो. ऊन वर आलं की सगळ्याचं पाणी! त्यामुळे गोठलेलं तळं, त्यावर चालणारी माणसं आणि बर्फ फुटून आत पडलेला कुत्रा या सगळ्या गोष्टी माझ्यासाठी फक्त इंग्लिश सिनेमातल्या होत्या.

मिरची गेली त्यानंतर आठ-दहा दिवसांनी मिनेसोटातल्या माझ्या मावसबहिणीचा फोन आला. मी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. ती जरा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "अगं, हे तर थिन आइस आहे. फक्त बर्फ नाही एवढंच."

मिरची कोण ते आधी सांगते.

नंदुरबारची लाल मिरची तुम्ही खाल्ली असेलच, तुम्हाला माहीत नसलं तरी. सीझनमध्ये आमच्या गावाबाहेर मिरचीच्या पथारी लागतात. नजर जाईल तिथपर्यंत जमिनीवर वाळत घातलेली लालभडक मिरची. लांबून फोटोला एकदम सॉलिड, जवळ गेलात की डोळ्यांतून, नाकातून धारा. चार वर्षांपूर्वी घरी गेले होते तेव्हा तिथल्याच एका कडेला एक पिल्लू सापडलं. दीड वितीचं, तांबूस रंगाचं आणि अखंड शिंकणारं. नाव शोधावंच लागलं नाही.

आई म्हणाली, "माय वं! पुण्याच्या फ्लॅटमध्ये हे गावठी कुत्रं?" मी म्हटलं, मी पण गावठीच आहे, मला घेतलं ना पुण्याने! आणि मिरची पुणेकर झाली. लिफ्टमध्ये नीट उभी राहायला शिकली. कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला किचनमध्ये हजर व्हायला शिकली. रात्री दोन वाजता मी डेडलाइनशी मारामारी करत असले की ती टेबलाखाली येऊन माझ्या पावलांवर झोपायची. उठायचं असलं तरी मी उठायची नाही. फ्रीलान्सिंगच्या पहिल्या वर्षात माझी जी काही शिस्त होती ती म्हणजे माझ्या पायावर ठेवलेलं अठरा किलो वजन!

आणि हो, ती बोलावलं की यायची. याचा मला भयंकर अभिमान होता. सोसायटीतले लॅब्रेडॉर, बीगल मालकाला अख्खा पार्क फिरवायचे. माझी गावठी एका शिट्टीत परत! दहातल्या नऊ वेळा. दहाव्या वेळेचा विचार मी कधी केला नाही.

गेल्या वर्षी होळीची स्टोरी करायला मी तिला घेऊन सातपुड्यात गेले. अक्कलकुव्याजवळच्या काठीची राजवाडी होळी तुम्ही ऐकली असेल. रात्रभर ढोल, कमरेला भोपळे आणि घुंगरं बांधलेले नाचणारे, डोक्यावर मोरपिसांचे टोप, आणि पहाटे उंच बांबूची होळी पेटते. तिथे अर्थातच मिरचीला नेलं नाही. एवढ्या आवाजात कुत्र्याला नेणं म्हणजे छळच. ती धडगावला माझ्या कॉलेजच्या मित्राच्या घरी राहिली. मी दोन दिवसांनी परत आले तर ती त्याच्या आजीच्या मागे मागे शेतात फिरत होती. मला वाटलं, हिला दोन दिवस मस्त मोकळं फिरवूया. पुण्यात बिचारी तीन वर्षं पट्ट्यातच आहे.

मित्र म्हणाला, नर्मदेकाठी माझ्या मामांचं गाव आहे, चल. डांबरी रस्ता संपला, मग कच्चा रस्ता संपला, मग तासभर पायी उतरण. खाली नर्मदा. म्हणजे मी तिला नर्मदा म्हटलं. खरं तर ते सरदार सरोवराचं बॅकवॉटर. धरण तिकडे गुजरातमध्ये केवडियाला, पाणी मात्र मागे मागे पसरत महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशात येतं. पूर्ण भरल्यावर जलाशयाची लांबी सुमारे २१४ किलोमीटर. आपल्याकडची अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांतली ३३ गावं त्यात पूर्ण किंवा थोडीफार बुडाली. धरणाची उंची १३८.६८ मीटर आणि ते पहिल्यांदा काठोकाठ भरलं सप्टेंबर २०१९ मध्ये. हे सगळे आकडे मला पाठ होते. जर्नलिस्ट ना मी! आकडे पाठ असले की जागा माहीत असते असा आमचा एक समज असतो.

मित्र घरात मामांशी बोलत बसला. मी मिरचीला घेऊन खाली निघाले. त्याने मागून हाक मारली, "पाण्यापर्यंत जाऊ नकोस गं!" मी म्हटलं, "नाही जात, मगरी माहितीयेत मला." जलाशयात मगरी आहेत हे मी वाचलं होतं. म्हणून मी सगळा वेळ पाण्याकडे बघत होते. पायाखाली बघायचं मला सुचलंच नाही.

पावसाळ्यात जलाशय भरतो, मग उन्हाळ्यापर्यंत पाणी हळूहळू खाली उतरतं. मार्चमध्ये काठावर बराच मोठा पट्टा उघडा पडलेला असतो. तो दिसायला इतका छान होता! सपाट, राखाडी, उन्हाने वाळून फरशीसारख्या भेगा पडलेल्या, कडा वर वळलेल्या. काठावर एक बांबू रोवलेला, त्याला लाल फडकं बांधलेलं. मला वाटलं, होळीचं काहीतरी असेल. एकदम कलरफुल! मिरचीला त्याच्या शेजारी बसवलं आणि फोटो काढला. मग विचार केला, ही सपाट जागा, मागे पाणी, त्यामागे डोंगर, पळताना काय भारी व्हिडिओ येईल. आणि मी पट्टा सोडला.

पाण्याच्या कडेला एक टिटवी चालत होती. मिरचीने ती पाहिली आणि सुटली.

पहिले वीस-पंचवीस पावलं काहीच झालं नाही. वरचा थर बाजरीच्या भाकरीएवढा जाड असेल. पळणाऱ्या अठरा किलोंना त्याने तेवढा वेळ पेललं. मग तिचे मागचे पाय आत गेले. मग पुढचे. टिटवी ओरडत उडून गेली. मी शिट्टी मारली. ती माझ्याकडे वळायला लागली आणि वळताना पोटापर्यंत आत गेली. ही ती दहावी वेळ नव्हती. ती शिट्टी ऐकून परतच येत होती.

आता मी जे केलं ते सांगायला मला वर्ष लागलं. मी तिच्याकडे पळाले.

दहा पावलं. अकराव्याला गुडघा, बाराव्याला मांडी. वर कोरडं, कडक, आणि खाली श्रीखंडासारखं गार. पाय ओढला की दुसरा पाय अजून आत. बूट निघून गेला. माझ्यात आणि मिरचीत बसच्या लांबीएवढं अंतर. ती भुंकत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मी किंचाळले तेव्हा वरून माणसं धावली.

त्यांना काय करायचं ते माहीत होतं. एकही जण पळत खाली आला नाही. दोघांनी घरातून खाट आणली, एकाने दोर, एकाने बांबूचा तट्टा. खाट पाय वर करून चिखलावर ढकलली, तिच्यापुढे तट्टा टाकला आणि एक तरुण मुलगा त्यावर पालथा पडून सरपटत आला. माझ्याकडे. मी ओरडत होते, "आधी तिला, दादा! आधी तिला!" काठावरून मित्राचे मामा म्हणाले, "आधी माणूस, ताई. तुम्ही गप पडा. हलू नका."

मला काढायला किती वेळ लागला ते मी घड्याळात पाहिलं नाही. मित्र म्हणतो, वीस मिनिटं. पाय एकदम ओढला तर निघत नाही. हळूहळू हलवत, कडेने पाणी आत जाऊ देत सोडवावा लागतो. एक पाय, मग दुसरा. मी काठाला पोचले तेव्हा मिरचीची मान वर होती. तो मुलगा पुन्हा फिरला, तट्टा सरकवला, खाट सरकवली. ती आणखी पुढे, पाण्याच्या जवळ होती, तिथे वरचा थरसुद्धा नव्हता. तो तिच्यापर्यंत पोचला तेव्हा तिचं नाक चिखलाला टेकलेलं होतं. त्याने तिला ओढून काढलं, तट्ट्यावर घेतलं आणि मागे वळून मान हलवली.

त्या गावात प्यायचं पाणी वर झऱ्यावरून हंड्याने आणतात. मामींनी त्यातला एक हंडा उचलला आणि काहीही न बोलता मिरचीच्या अंगावरून ओतला. मग दुसरा. हाताने तिचं तोंड पुसलं, कान पुसले. मी म्हटलं, मामी, पाणी नका वाया घालवू. त्या त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाल्या. मित्राने सांगितलं, "ती म्हणतेय, घाण घेऊन कसं पाठवायचं?"

मोहाच्या झाडाखाली तिला पुरलं. मोह गळायचे दिवस होते, खाली फुलांचा सडा. रोज पहाटे ज्या झाडाखाली फुलं वेचायला बायका येतात, ती जागा त्यांनी दिली.

संध्याकाळी मामा अंगणात बसून बोलले. त्याच पट्ट्यात दोन वर्षांपूर्वी त्यांचा बैल गेला होता. "आम्ही पण पहिल्यांदा जमीनच समजलो," ते म्हणाले. "जुनी नदी आम्हाला पाठ होती. कुठे वाळू, कुठे खडक, कुठे डोह, अंधारात पण माहीत. ही नदी नाही. हा गाळ दर वर्षी नवा असतो. त्याची जागा पण नवी असते." आणि तो लाल फडक्याचा बांबू? तो त्यांनीच रोवला होता. इथून पुढे जाऊ नका म्हणून.

पुण्यात आल्यावर मी वेड्यासारखं वाचत सुटले. वाहती नदी आपल्याबरोबर माती घेऊन जाते. धरणामागे पाणी थांबलं की ती माती तळाला बसते. त्यातही सगळ्यात बारीक गाळ संथ पाण्यात सावकाश बसतो. पाणी उतरलं की ऊन वरचा थर वाळवतं, पण तोच वाळलेला थर झाकणासारखा बसतो आणि खालचं पाणी आतच राहतं. म्हणजे जितकं वरून कडक, तितकं आत ओलं राहू शकतं. अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी २००५ साली 'नेचर'मध्ये रुतणाऱ्या वाळूवर एक पेपर छापला होता. त्यांचं म्हणणं, अशी वाळू माणसाच्या शरीरापेक्षा खूप जड असते, त्यामुळे माणूस साधारण कमरेपर्यंतच आत जातो, सिनेमातल्यासारखा डोक्यापर्यंत नाही. पण रुतलेला पाय झटकन ओढायचा तर मध्यम आकाराची कार उचलण्याएवढी ताकद लागते. गाळ म्हणजे अगदी तीच वाळू नव्हे, पण पाय का निघत नव्हता ते मला कळलं. आणि हेही कळलं की कमरेपर्यंत रुतलेल्या माणसाचं नाक दीड-दोन फूट वर असतं. कुत्र्याचं नसतं. त्याला मान वर धरून ठेवावी लागते, आणि मान दमते.

मावसबहिणीने तिच्याकडचं सांगितलं. मिनेसोटात हजारो तळी, दर हिवाळ्यात गोठतात. तिथलं सरकारी खातं सांगतं, नवा स्वच्छ बर्फ किमान चार इंच असल्याशिवाय त्यावर चालू नका, आणि कुठलाच बर्फ शंभर टक्के सेफ नसतो. आणि कुत्रा आत पडला तर? "त्याच्यामागे जायचं नाही," ती म्हणाली. "ज्या बर्फाने कुत्र्याला पेललं नाही तो आपल्याला काय पेलणार? काठावरून मदत बोलवायची. इथे हे सगळ्यांना माहीत असतं, तरी दर वर्षी कुणीतरी मागे जातंच."

मी ते ऐकलं आणि मला वीस मिनिटं आठवली. गावात खाट एक होती, दोर एक होता, सरपटत जाणारा मुलगा एक होता. मी काठावर थांबून नुसती ओरडले असते तर ती खाट सरळ मिरचीकडे गेली असती. ती वाचलीच असती असं मी म्हणत नाही. ती जास्त लांब होती, तिथे गाळ जास्त पातळ होता. पण ती वीस मिनिटं तिची होती आणि ती मी वापरली. आजवर सगळे मला सांगत आलेत, "तू तिच्यासाठी जीव धोक्यात घातलास, किती प्रेम!" प्रेम होतंच. पण प्रेमाने धावत सुटणं आणि उपयोगी पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि माझ्यासाठी तो मुलगाही त्या गाळावर उतरला होता. त्याचं वय असेल एकोणीस.

शहरात परतल्यावर ठरलेले डायलॉग ऐकले. "दुसरी घे ना एखादी." "अगं, कुत्रीच होती शेवटी." फ्रीलान्सरला रजा नसते, त्यामुळे होळीची स्टोरी वेळेवर पाठवली. फोटोंचं कौतुक झालं. रात्री टेबलाखाली पाय गार पडायचे. गंमत म्हणजे ज्या घराचा बैल गेला, म्हणजे वर्षाची शेतीच गेली, त्या घरात मला एकदाही कोणी म्हटलं नाही की कुत्रीच होती. त्यांनी पिण्याचं पाणी ओतलं. त्यामुळे तुमच्या ऑफिसात कोणाचं मांजर, कुत्रं गेलं असेल आणि तो माणूस मीटिंगमध्ये नुसता स्क्रीनकडे बघत असेल, तर प्लीज त्याला काही समजवायला जाऊ नका. चहा आणून द्या.

आणि आता वीकेंडचं बोलू. उन्हाळा आला की आपण सगळे पानशेत, मुळशी, भिगवण असं कुठेतरी पाण्याकाठी निघतो. 'पेट-फ्रेंडली' टेंट असतात, कुत्र्यांना मोकळं सोडल्याचे व्हिडिओ असतात. मुंबईकरांना तर खाडी आणि ओहोटीचा चिखल घराजवळच आहे. जरूर जा. फक्त पाणी नुकतंच उतरलंय अशा सपाट जागेवर पट्टा सोडू नका, तुमचं कुत्रं कितीही शहाणं असलं तरी. लांब दोर आणि अंगात घालायचा हार्नेस गाडीत ठेवा. हार्नेसला धरून कुत्र्याला ओढता येतं, गळ्यातल्या पट्ट्याला धरून ओढलं तर गळा आवळतो. ते रुतलंच, तर तुम्ही काठावरच थांबा, शांत आवाजात त्याच्याशी बोलत राहा म्हणजे ते धडपड कमी करेल, आणि गावातल्या माणसांना हाक मारा. तुम्ही स्वतः रुतलात तर पाय झटकू नका, मागे रेला, वजन पसरा, एकेक पाय हळूहळू सोडवा. हे सगळं नंतर वाचून कळतं. आधी वाचलेलं बरं.

पण सगळ्यात सोपी गोष्ट मी शेवटी ठेवली आहे.

मिरचीचा तो शेवटचा फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. जीभ बाहेर, एक कान उभा, एक पडलेला, डोळे माझ्याकडे. शेजारी बांबू आणि त्याचं लाल फडकं वाऱ्यावर अर्धवट उडालेलं. फ्रेम खरंच सुंदर आहे. मी माझ्या कामात दिवसाला पन्नास प्रश्न विचारते, त्याचे मला पैसे मिळतात. त्या दिवशी वर अंगणात पाच-सहा माणसं बसलेली होती. "मामा, हा बांबू कशाला रोवलाय?" एवढंच विचारायचं होतं.

अर्धा मिनिट लागलं असतं.